काठाची मोजणी

चुन्याची रेघ थोरलीच्या शेगडीवरून गेली, तेव्हा शेगडीवर दूध होतं. मोजणीदारानं डबा तिरका केला, चुना भुरभुरत आला, थोडा दुधात पडला आणि रेघ पलीकडच्या खोलीत शिरली.

"दूध उचला म्हटलं होतं," मोजणीदार म्हणाला.

"उद्या घर उचला म्हणाल."

"ते साहेब म्हणतील. मी फक्त मोजतो."

घर एकच होतं, पण मधोमध पत्रा ठोकलेला. अलीकडे थोरला भाऊ नावाडी आणि त्याची बायको. पलीकडे धाकटा भाऊ रंगारी आणि त्याची बायको. नदीला वास सुटला, माणसं नाव सोडून पुलावरनं जायला लागली, आणि नावाड्याची नाव पालथी पडली. त्यानं त्याचा दोष वरच्या अंगाच्या कापड रंगवायच्या कारखान्याला दिला. त्याच कारखान्यात धाकटा कामाला लागला. त्या दिवशी पत्रा आला. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. जे बोलायचं ते पत्र्याला सांगत.

"पत्र्या, त्याला सांग," पलीकडून रंगाऱ्याचा आवाज आला, "रेघ माझ्या अंथरुणावरून गेली आहे. आता तरी सुख लागलं का?"

"पत्र्या, सांग त्याला, नदी साफ होत असेल तर माझ्या छातीवरून गेली तरी चालेल."

"छाती तुमची," थोरली म्हणाली, "शेगडी माझी आहे." दुधातला चुना चमच्यानं काढता येतो का ते ती बघत होती. येत नव्हता.

बाहेर साहेब उभे होते. नदी साफ करायचं खातं त्यांच्याकडे होतं, म्हणून सगळे त्यांना नदीसाहेब म्हणत. नाकाला रुमाल लावून ते नदीकडे पाठ करून उभे होते. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. पाण्याच्या कडेला टेप लावायचा. टेप संपेल तिथपर्यंत बाग. बागेत घर नसतं.

"आमच्या घरात काय येणार मग?" पत्र्याच्या पलीकडून धाकटी बाहेर आली. तिचे हात पिळलेल्या कपड्यांनी ओले होते.

"तुमच्या बाजूला गुलाब. यांच्या बाजूला बाक."

"बरं झालं," धाकटी म्हणाली. "जाऊबाईंच्या जागी कुणीतरी गप्प बसणारं येईल."

"गुलाबालाही काटे असतातच म्हणा," थोरली म्हणाली.

नावाडी मात्र पुढे झाला. एवढ्या वर्षांत नदी साफ करायची भाषा बोलणारा माणूस त्याला पहिल्यांदा भेटला होता. "साहेब, झाडंबिडं नंतर. आधी नाले बंद करा. कारखान्याचा करा, शहराचा मोठा करा, एकूण एक करा. घसा कोरडा पडला माझा ओरडून."

साहेबांनी रुमाल काढला. असा रहिवासी त्यांनाही पहिल्यांदाच भेटला होता. "तुम्ही काय करता?"

"नाव चालवतो."

"कुठे आहे?"

नावाड्यानं बोट दाखवलं. नाव पालथी होती. खाली थोरलीच्या कोंबड्या राहत होत्या, वर धाकटीची गोधडी वाळत होती.

साहेबांचा चेहरा उजळला. रविवारी एक बडे पाहुणे नदी बघायला येणार होते आणि त्यांना काय दाखवायचं हा प्रश्न साहेबांना खात होता. "असं बघा," ते म्हणाले, "नदीवर ज्याचं पोट आहे त्याचं घर हलवता येत नाही. नियम आहे. पाहुण्यांना पायऱ्यांपासून पुलापर्यंत नावेतून न्या. नेलंत तर तुम्ही नावाडी, घर राहील, कायमचं कामही देतो. नाही नेलंत तर बाक."

"आणि नाले?"

"शनिवारी संध्याकाळपासून सगळे बंद. शब्द देतो."

नावाडी घरात आला तो छाती पुढे काढून. थोरलीनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाव बुडाली तर?"

"माझी नाव कधी बुडाली आहे?"

"कोंबड्यांना विचारते."

कोंबड्यांना हुसकावणं हेच पहिलं मोठं काम ठरलं. त्या नावेखालून निघायला तयार नव्हत्या. नाव सुलटी केली तर एक खुडूक कोंबडी फळीला चिकटून वर गेली आणि नावाड्याच्या मनगटाला चोची मारत राहिली. मग खरवडणं. फळ्यांवर वर्षानुवर्षांचा थर होता. तो तासून काढताना नावाड्याचं नख गेलं, आणि थर निघाला तसं कळलं की काही ठिकाणी नाव म्हणजे थरच होता. खाली लाकूड नव्हतं.

भेगांत कोंबायला चिंध्या हव्या होत्या. चिंध्या मिळतात रंगाच्या कारखान्यात. नावाडी पत्र्यासमोर दोनदा येऊन खाकरून गेला. तिसऱ्यांदा पत्र्यावरून एक गाठोडं येऊन त्याच्या डोक्यावर आदळलं.

"पत्र्या, सांग त्याला, त्या कारखान्याच्या चिंध्या मला नकोत."

"पत्र्या, मग त्याला सांग, स्वतःचा सदरा कोंब."

नावाड्यानं चिंध्या कोंबल्या. सगळ्या जांभळ्या होत्या. वर डांबर ओतायचं काम बायकांवर आलं. थोरलीनं डबा धरला आणि धाकटीनं काठीनं डांबर फासलं. एक थेंब थोरलीच्या पायावर उडाला, फोड आला.

"मुद्दाम केलंस."

"मुद्दाम केलं असतं तर तोंडावर उडालं असतं."

रंगारी दिवसभर कारखान्यात वाफेत असायचा. हात कोपरापर्यंत जांभळे, जेवताना भाताला रंग लागायचा. त्याचं मुख्य काम साधं होतं. रंगाचं उरलेलं पाणी एका मोठ्या हौदात जमायचं, आणि हौदाच्या तोंडावरची लाकडी फळी उचलून ते नदीत सोडायचं. आता त्याला हुकूम आला होता की शनिवारी फळी खाली टाक आणि सोमवारपर्यंत हात लावू नको. मालकानं सगळ्यांना बिनपगारी सुट्टी दिली होती.

"पत्र्या, त्याला विचार," तो रात्री जेवताना म्हणाला, "सोमवारनंतरही फळी टाकलेलीच ठेवा म्हणाले तर मी काय करू?"

"पत्र्या, त्याला म्हणावं, वल्हं मारायला शीक."

"पत्र्या, त्याला म्हणावं, तुझ्या नावेत बसण्यापेक्षा मी पोहत जाईन."

"पोहता येतं कुणाला तुमच्या घराण्यात," पत्र्याला न विचारता थोरली म्हणाली. ते खरंच होतं. नदीत पडायचं नाही, ही त्या घरातली पोहण्याची एकमेव शिकवण होती.

शुक्रवारी साहेब पांढरा गणवेश घेऊन आले. तो कुठल्या तरी बँडवाल्याचा असावा, खांद्यावर झालर होती. नावाड्याला तो दंडात घट्ट आणि पोटात ढगळ झाला. साहेबांनी त्याच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. पाहुण्यांनी विचारलं की म्हणायचं, नदी आमची आई आहे.

नावाडी घरात येरझाऱ्या घालत घोकत होता. नदी आमची आई आहे. नदी आमची आई आहे.

थोरलीनं भांडं आपटलं. "तुमच्या आईच्या अंगाला हा वास असता तर मामंजींनी दोन मुलगे जन्माला घातले नसते."

पत्र्यापलीकडे धाकटी हसली. दोन जावांमध्ये त्या वर्षातला तो सगळ्यात जवळचा क्षण होता.

शनिवारी संध्याकाळी रंगाऱ्यानं फळी टाकली. शहराच्या मोठ्या नाल्याच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या रचल्या गेल्या. लहान नाल्यांत माणसांनी गाद्या, दारं, मिळेल ते कोंबलं. नावाडी काठावर बसून बघत राहिला. फेस गेला. रंग गेला. एवढंच काय, वासही जरा दमला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरली म्हणाली, कांदा चिरतेय म्हणून असेल.

सकाळी नाव पाण्यात सोडली. तरंगली. पायऱ्यांशी बांधून नावाडी गणवेशात उभा राहिला. पाहुणे सकाळी येणार होते, म्हणजे दुपारी आले. तोवर एक गंमत होत होती. पायऱ्या वाढत होत्या. नावाड्याला जन्मापासून ज्या पायऱ्या माहीत होत्या, त्यांच्या खाली आणखी निघाल्या, हिरव्या, बुळबुळीत, आणि मग त्यांच्याही खाली आणखी. दोर लांब करत करत संपला.

"साहेब, पाणी उतरतंय."

"स्वच्छ झालं की हलकं होतं," साहेब म्हणाले. ते स्वागतासाठी मांडलेल्या टेबलावरच्या फुलांकडे बघत होते.

बडे पाहुणे नखशिखांत पांढरे होते, बूटसुद्धा. त्यांना दोघांनी धरून पायऱ्या उतरवल्या. नावेत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीत पाहुणे बसले, दुसरीत साहेब. काठावर माणसं जमली होती, मोजणीदार झाडाखाली टेप उशाला घेऊन आडवा झाला होता, आणि दोघी जावा एकाच पायरीच्या दोन टोकांना बसल्या होत्या.

"मासे आहेत का?" पाहुण्यांनी विचारलं.

"होते," नावाडी म्हणाला.

साहेबांनी त्याला कोपरानं ढोसलं.

"होते आणि नदी आमची आई आहे."

पाहुणे खूश झाले. नावाड्यानं बांबू टेकवून नाव ढकलली. नाव डौलात निघाली, मध्यावर आली, आणि म्हैस बसते तशी बसली.

"थांबलो का?"

"इथे आपण देखावा बघायला थांबतो," साहेब म्हणाले.

देखावा हळूहळू वर येत होता. आधी एक खाट आली, चारी पाय आकाशाकडे. मग एक मोटारसायकल. मग एक संडासाचं भांडं, अगदी सरळ, जसं कुणी वापरून नुकतंच उठलं आहे. मग एक सरकारी पाटी, तिच्यावर लिहिलं होतं, नदीत कचरा टाकू नये. पाहुण्यांनी ती मोठ्यानं वाचली. नावाड्यानं बांबू रेटला, बांबू कडकन मोडला, आणि तो स्वतः साहेबांच्या मांडीवर बसला. पाहुणे उठायला गेले तर त्यांचा एक पांढरा बूट बाहेर पडला. चिखलानं तो गिळला आणि वर एक बुडबुडा सोडला.

नदी आता नावेच्या पलीकडून एका बारीक चऱ्हाटासारखी वाहत होती. बाकी सगळा चिखल.

काठावरून रंगारी हसायला लागला. हसता हसता खाली बसला. मग वर्षानुवर्षांत पहिल्यांदा तो पत्र्याशिवाय भावाशी बोलला. "दादा, सगळे नाले बंद झाले ना? ही घे तुझी नदी. आहे तेवढी हीच आहे."

नावाडी तोंड उघडून बघत राहिला. नदीत नदीचं पाणी किती, हे त्यानं इतक्या वर्षांत कधी मनात आणलं नव्हतं. कुणीच आणलं नव्हतं. उन्हाळ्यात जे वाहत होतं ते नाल्यांचं होतं, नदी फक्त त्याला वाट देत होती.

"पाणी सोडायला सांगा," साहेब नावेतून ओरडले. "ए रंगारी, जा, फळी उचल."

"बिनपगारी सुट्टी आहे साहेब."

"पगार देतो. जा आधी."

रंगारी उठला, पण धाकटीनं मागून त्याचा सदरा धरला. ती चिखलाकडे बघत होती. मग तिनं पायरीच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं.

"जाऊबाई, ती रेघ कुठून मोजतात हो?"

"पाण्याच्या कडेपासून."

"आणि पाणी कुठाय?"

थोरलीनं चिखलाकडे बघितलं, दूरच्या चऱ्हाटाकडे बघितलं, मग मागे घराकडे. ती उठली आणि झाडाखाली जाऊन मोजणीदाराच्या डोक्याखालचा टेप ओढला. त्याचं डोकं आपटलं.

"उठा. मोजायचंय."

"मोजणी झालेली आहे."

"तेव्हा पाणी आमच्या दारात होतं. आता तिकडे गेलं. तुम्हीच म्हणालात, पाण्याची कड. चला."

"मी त्या चिखलात जाणार नाही."

"तुम्ही नका जाऊ. टोक धरा नुसतं."

धाकटी चिखलात उतरली. घोटे गेले, गुडघे गेले, मांड्या गेल्या. दर पावलाला पाय उपटताना तिच्या तोंडून एकेक शिवी निघत होती, आणि टेप तिच्या मागे सरसरत जात होता. टेपचं सुरुवातीचं टोक तिनं चऱ्हाटाच्या कडेला टेकवलं. दुसरं टोक मोजणीदाराच्या हातून सुटलं होतं, ते पायऱ्यांपर्यंतही पोचलं नाही. घर तर कुठच्या कुठे राहिलं.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले. "आधी पाणी."

"आधी खुंट," थोरली म्हणाली. "पाण्याच्या कडेला खात्याचा खुंट ठोका. मग पाणी सोडतो."

"काय मागतायत त्या?" पाहुण्यांनी विचारलं. त्यांचा दुसरा बूटही ओला झाला होता. नावेच्या जांभळ्या चिंध्या सुटायला लागल्या होत्या.

"मोजणी," नदीसाहेब म्हणाले.

"मग देऊन टाका की. मला जेवायला जायचंय."

नावेतून नावाडी उभा राहिला. त्याच्या खांद्याची झालर लोंबत होती. "अगं ए, घर काठावर नाही असं ठरलं तर मी नावाडी कसा ठरेन?"

"घर राहिलं तर निदान नवरा तरी ठराल. बसा खाली, नाव हलतेय."

"हलली असती तर काय हवं होतं," पाहुणे म्हणाले.

मोजणीदार चिखलात उतरेना. शेवटी रंगाऱ्यानं त्याला पाठीवर घेतलं. एका हातात लाल टोकाचा, बांबूएवढा उंच खुंट, एका हातात हातोडा, दोन पाय रंगाऱ्याच्या कमरेला, असा मोजणीदार नदीच्या मध्यात पोचला आणि पाठीवरूनच हात उंच करून त्यानं खुंट ठोकला. दोन घाव खुंटावर बसले, एक रंगाऱ्याच्या खांद्यावर. साहेबांनी नावेतून मान हलवली. काठावरच्या सगळ्यांनी ती हललेली बघितली.

मग रंगारी कारखान्याकडे गेला. चालत गेला. साहेब नावेतून पळ म्हणत होते, पण सुट्टीच्या दिवशी तो पळत नसे.

पाणी आलं ते भिंत आल्यासारखं. हौद काठोकाठ भरला होता, त्यात वरून मोठ्या नाल्याच्या गोण्याही फुटल्या. जांभळी, फेसाळ, वाफ सोडणारी नदी वळणावरून आली, खाट घेतली, मोटारसायकल घेतली, नाव उचलली, तिला दोन गिरक्या दिल्या आणि उलट तोंडानं थेट पुलाखाली नेऊन पताकांच्या दोरांत अडकवली. पाहुणे कमरेपर्यंत जांभळे झाले होते. पुलावर लोक होते, माईक होता. पाहुण्यांनी माईक घेतला, थोडा वेळ श्वास घेतला आणि म्हणाले, "नदीला पाणी आहे. नदीला रंग आहे. मी समाधानी आहे." टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा त्यांचे कान अजून जांभळे होते. त्यांनी थोरलीला सांगितलं, खुंट पाहुण्यांसमोर ठोकला गेला म्हणून तो आता पक्का. खुंट आहे तोवर काठ तिथे. घर बागेबाहेर. खुंट गेला तर मात्र पहिल्यासारखी मोजणी.

थोरलीनं ओल्या फडक्यानं शेगडीवरची चुन्याची रेघ पुसली.

"आणि माझं काम?" नावाड्यानं विचारलं. "पाहुणे पुलाला लागले की नाही?"

"लागले. पण ते काम काठावर राहणाऱ्याला आहे."

"मी इथून थुंकलो तर पाण्यात पडतं."

"थुंकू नका. काठ आता तिकडे आहे, खुंटापाशी. तुम्ही नदीपासून बरेच लांब राहता." साहेबांनी पलीकडच्या तीरावर बोट दाखवलं. "तिकडच्या न्हाव्याला देणार आहोत. त्याचं दुकान काठावर बसतंय."

"त्यानं आयुष्यात पाण्यात पाय घातला नाही."

"शिकेल. वस्तरा चालवतो, वल्हंही चालवेल."

नावाडी दिवसभर कुणाशी बोलला नाही. पत्र्याशीही नाही. जेवण तसंच पडलं. संध्याकाळी तो उठला, पुलाखालून ओढून आणलेल्या नावेत फुटक्या बांबूचा तुकडा टाकला आणि दोर सोडला. थोरली अंगणात कोंबड्या कोंडत होती. नाव कुठल्या दिशेनं निघाली ते बघून तिनं कोंबडी हातातून सोडली.

"धाकटे, दोर आण."

धाकटीनं काठावर दोराचं एक टोक पायरीच्या कड्याला गुंडाळलं, दुसरं थोरलीच्या कमरेला. थोरलीनं एक दगड काखेत घेतला आणि पाण्यात उतरली. जांभळं पाणी पोटाला लागलं, छातीला लागलं. पायाखालचा गाळ सरकत होता.

नावाडी खुंटाशी पोचला होता. नावेत उभा राहून त्यानं दोन्ही हातांनी खुंटाला मिठी मारली आणि वर ओढायला लागला.

"सोडा तो."

"हा गेला की मी पुन्हा काठावर आलो. मग बघतो कोण न्हावी."

"काठावर याल आणि घरातून जाल. बाकावर बसून नाव चालवणार का?"

"तुला माझी नाव कधी दिसलीच नाही. कोंबड्याच दिसल्या."

"अंडी तरी दिली त्यांनी."

त्यानं दात खाऊन जोर लावला. खुंट हलला. पण जोर खुंटाला जेवढा लागला तेवढाच पायांना लागला, आणि नाव त्याच्या पायांखालून निघून गेली. बांधलेली नव्हतीच. नावाडी खुंटाला लटकला. गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात, खाली गाळ, पोहता येत नाही. नाव एकटीच गिरकी घेत पलीकडच्या तीराला गेली. तिथे न्हावी वस्तरा हातात धरून दुकानाबाहेर आला आणि त्यानं ती अलगद पकडली.

काठावर रंगारी येऊन उभा राहिला होता. "दादा, सोडू का अजून थोडं पाणी?"

"तुझ्या आयला," नावाडी म्हणाला. मग त्याला आठवलं की आई दोघांची एकच होती.

खुंट हळूहळू कलायला लागला. त्याच्याबरोबर नावाडीही कलायला लागला.

"हलू नका," थोरली म्हणाली. ती आता त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होती. पाणी तिच्या हनुवटीला लागत होतं. "तिरका झाला तर मोजणीदार म्हणेल पडला."

"दोर दे."

"देते. आधी हा घ्या." तिनं काखेतला दगड वर केला.

"हे काय?"

"ठोका."

नावाड्यानं तिच्याकडे बघितलं. पलीकडे न्हाव्याकडे बघितलं. न्हावी नावेत एक पाय ठेवून बघत होता, पाण्याला भीत होता, पण ठेवत होता. खुंट आणखी थोडा कलला आणि गार जांभळं पाणी नावाड्याच्या कमरेला लागलं.

त्यानं एका हातानं खुंट छातीशी धरला, दुसऱ्या हातानं दगड घेतला.

"जोरात," थोरली म्हणाली. "जेवलेले नाहीत ते कळतंय."

काठावरून धाकटीनं दोर ताणून धरला. नावाडी ठोकायला लागला. दर घावाला खुंट थोडा खाली जात होता, आणि खुंटाला धरून नावाडीही.